मंजिरी खुडण्यापूर्वी

तुळशीच्या रोपाची निगा कशी राखावी याविषयी घरोघरी एक नियम सांगितला जातो. मंजिरी दिसू लागली की ती खुडावी, म्हणजे रोप भरदार होते व पुष्कळ दिवस टिकते. हा नियम निराधार नाही. फुलोरा आल्यानंतर वनस्पतीचे बळ बियांकडे वळते, नवी पाने बारीक येतात आणि बी पिकले म्हणजे रोप वाळू लागते, हा अनुभव कोणत्याही माळ्यास आहे. परंतु हा नियम ज्यास पाने हवी आहेत त्याच्या सोयीचा आहे. मंजिरी ही वनस्पतीने आपल्यासाठी निर्माण केलेली वस्तू नव्हे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचे पोट अवलंबून आहे याचा विचार या नियमात कोठेच नाही, आणि तो विचार निदान शाळांच्या व ग्रंथालयांच्या बागांत तरी व्हावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

एखाद्या स्वच्छ सकाळी, उन्हे थोडी तापल्यावर, फुलोऱ्यावर आलेल्या तुळशीजवळ पंधरा मिनिटे स्वस्थ उभे राहावे. प्रथम काही दिसणार नाही, कारण तुळशीचे फूल तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते आणि त्याचा जांभळट रंगही फिका असतो. थोड्या वेळाने लक्षात येते की मंजिरी सारखी हलत आहे. तिच्यावर फुलोरी जातीच्या लहान मधमाश्या आहेत, त्यांहूनही बारीक, काळ्या, डंख नसलेल्या पोयाच्या माश्या आहेत, आणि मधूनच एक जाडसर माशी सूक्ष्म पण तीव्र गुणगुण करीत येते, क्षणभर हवेत स्थिर राहते, फुलाला तोंड लावते व निघून जाते. तिच्या काळ्या पोटावर निळे, चमकदार आडवे पट्टे असतात. ही आपल्या देशी एकाकी माश्यांपैकी एक, अमेजिला वंशातील. तिला पोळे नाही, राणी नाही, मधाचा साठा नाही. प्रत्येक मादी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत स्वतःचे बीळ करते व एकटीच संसार चालविते. नरांचा प्रकार तर आणखी मौजेचा आहे. सायंकाळी ते एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून, रांगेने लटकून झोपी जातात. ज्या विद्यार्थ्याने हे दृश्य एकदा पाहिले त्याला कीटकशास्त्राची गोडी लावण्यासाठी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

मधमाशी म्हटले की आपणांस मध आठवतो, आणि मध म्हटला की आग्या किंवा सातेरी. वस्तुतः भारतात माश्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी मध साठविणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या थोड्या आहेत. बाकीच्या आमच्या भाज्या, फळे व रानातील झाडे यांचे परागण मुकाट्याने करीत असतात, आणि त्यांचे नावही आपल्या बोलीत नसते.

तुळस, सब्जा, पुदिना, तुंबा ही सर्व एकाच कुलातील मंडळी आहेत. जुन्या पुस्तकांत या कुलास लॅबिएटी म्हणत, हल्ली लॅमिएसी म्हणतात, आणि मराठीत तुलसी कुल हे नाव रूढ आहे. जगात या कुलाच्या सुमारे सात हजार जाती आहेत. ते ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. कोवळा दांडा दोन बोटांत धरून फिरवावा, तो गोल न लागता चौकोनी लागतो. पाने समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात. पान चुरडल्यास बहुधा वास येतो, कारण त्यावरील सूक्ष्म ग्रंथींत सुगंधी तेल असते. (चौकोनी दांडा अन्य काही कुलांतही आढळतो, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नये.) सर्वांत निश्चित खूण फुलात सापडते. पाकळ्या तळाशी जुळून नळी झालेली असते, व नळीचे तोंड दोन ओठांसारखे उघडलेले असते. फूल गळून पडल्यावर मागे राहिलेल्या लहानशा पेल्यात पाहावे, तेथे बहुधा चार बिया बसलेल्या दिसतील.

या दोन ओठांची रचना निरर्थक नाही. तुंब्याचे पांढरे फूल हाती घ्या. खालचा ओठ रुंद व पसरट आहे. तो माशीला उतरण्यासाठी ओटा आहे. वरचा ओठ लहान, लोकरीसारख्या केसांनी मढलेला व टोपीसारखा वाकलेला आहे, आणि त्या टोपीखाली पुंकेसर दडलेले आहेत. मकरंद नळीच्या तळाशी असल्यामुळे माशीला डोके आत खुपसावे लागते, आणि त्या खटपटीत तिच्या माथ्यावर व पाठीवर परागांचा शिक्का उमटतो. आता तुळशीचे फूल पाहा. येथे व्यवस्था अगदी उलट आहे. पुंकेसर वरच्या ओठाखाली नसून खालच्या ओठाच्या अंगाने पुढे आलेले आहेत. म्हणून पराग माशीच्या पोटाला लागतात. एकाच कुलातील दोन शेजारणी एकाच माशीच्या दोन निरनिराळ्या अंगांवर आपला माल लादून पाठवितात, आणि त्यामुळे एकीचा माल दुसरीच्या दारी पडण्याची शक्यता बरीच कमी होते. शिवाय या कुलातील बहुतेक फुलांत पराग आधी पिकतो व किंजल्क मागाहून तयार होते. म्हणजे फूल प्रथम देते आणि नंतर घेते. स्वतःचाच पराग स्वतःला लागण्याचा प्रसंग अशा रीतीने बराचसा टळतो.

ही दृष्टी जगाला देणारा मनुष्य एक शाळामास्तर होता, हे शाळांसाठी लिहिताना सांगितले पाहिजे. जर्मनीतील श्पांडाऊ येथे ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे गृहस्थ शाळेचे प्रमुख होते. १७९३ साली त्यांनी फुलांची रचना व कीटकांकडून होणारे फलन यांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. याच कुलातील साल्व्हिया वंशाच्या फुलात पुंकेसराची तरफ कशी असते, आणि माशीने आत डोके घालताच ती खाली येऊन तिच्या पाठीवर पराग कसा टेकविते, हे त्यात सांगितले आहे. समकालीनांनी त्या ग्रंथाची फारशी दखल घेतली नाही, व पुढच्याच वर्षी त्यांना शाळेचे पद सोडावे लागले. डार्विनने तो ग्रंथ वाचून त्याचे मोल ओळखले, परंतु तोवर जवळजवळ अर्धशतक उलटले होते.

आता बागेच्या व्यवहाराकडे येऊ. शाळेच्या परसात वांग्याची चार रोपे असली तर तेथे तुळस का हवी? वांग्याच्या फुलात मकरंद नसतो. त्याचे परागकोश पिवळ्या शंकूसारखे एकत्र उभे असतात, आणि पराग बाहेर पडण्यास प्रत्येक कोशाच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. वाऱ्याने थोडा पराग गळतो व काही फळ धरते. परंतु तो भरपूर निघावा असे वाटत असेल, तर कोणीतरी फूल धरून जोराने थरथरविले पाहिजे. पोळ्यातील मधमाश्यांना ही कला येत नाही. ती निळ्या पट्ट्यांच्या माशीला येते, आणि लाकूड पोखरून राहणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यालाही येते. त्या फुलाला बिलगून उड्डाणाचे स्नायू कंप पाववितात आणि पिठासारखा पराग पोटावर झेलतात. टोमॅटोचेही असेच आहे. पण या माशीने दिवसभर उडावे कशाच्या बळावर? पराग हे तिच्या पिलांचे अन्न. उडण्यास लागणारी साखर तिला मकरंदातूनच मिळते, आणि ती वांग्याच्या वाफ्यात नाही. ती शेजारच्या तुळशीत, सब्ज्यात, तुंब्यात आहे. म्हणून मंजिऱ्या खुडून टाकणारा माळी आणि वांगी का धरत नाहीत म्हणून कपाळाला हात लावणारा माळी हा पुष्कळदा एकच मनुष्य असतो.

आमच्या सार्वजनिक बागांविषयी माझी खरी तक्रार येथे आहे. या बागांत तुलसी कुलातील झाडे नसतात असे नाही. असतात, पण कोणती? तांबडी साल्व्हिया रांगेने लावलेली असते. ती ब्राझीलची. तिची लांब, तांबडी नळी तेथील गुंजन पक्ष्यांच्या चोचीच्या मापाची आहे. येथे शिंजीर तिला भेट देतात हे खरे, पण आखूड जिभेच्या आमच्या लहान माश्यांना त्या नळीच्या तळाशी पोचता येत नाही. दुसरे, रंगीत पानांचे कोलियस. त्याला तुरा येऊ लागला की पानांची शोभा जाते म्हणून तो ताबडतोब छाटतात. ओव्याच्या वासाचे जाड पान असलेले झाड कुंडीकुंडीत असते, पण ते क्वचितच फुलते. अशी बाग दुरून पाहणाऱ्यास सुंदर दिसते, आणि माशीच्या दृष्टीने ते भांड्यांचे दुकान असते. भांडी चकचकीत, आणि सर्व रिकामी. शोभेच्या झाडांना माझा विरोध नाही. परंतु ज्या संस्थेच्या पाटीवर विद्येचे नाव आहे, तिने बागेतील सर्व जागा केवळ शोभेस द्यावी हे मला मान्य नाही.

पुदिन्याचे काय, असे कोणी विचारील. पुदिन्याच्या फुलावर माश्या आनंदाने येतात. परंतु आपण तो फुलण्यापूर्वीच चटणीसाठी कापतो. उत्तर प्रदेशात मेंथॉलच्या पुदिन्याखाली विस्तीर्ण शेती आहे, पण त्याचा हेतू तेल काढणे हा आहे, फुले जोपासणे हा नव्हे. घरी किंवा शाळेत पुदिना असेल तर त्याचा एक कोपरा न कापता ठेवावा. मात्र तो कुंडीतच असावा, कारण त्याचे धावते कोंब जमिनीखालून पसरून शेजाऱ्यांची जागा बळकावितात. खरा भर मात्र आपल्या मातीतील झाडांवर असावा. ती येथील पावसाला सरावलेली आहेत, त्यांना फारशी निगा लागत नाही, आणि येथील माश्यांशी त्यांचा परिचय जुना आहे.

त्यांत तुंब्याचा मान पहिला. पावसाळा सरता सरता पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर तो आपोआप उगवतो. द्रोणपुष्पी हे त्याचे संस्कृत नाव. हिंदी मुलुखात त्याला गूमा म्हणतात, बंगालमध्ये दंडकलस, तमिळमध्ये तुंबै. केरळात ओणमच्या पुष्परचनेत तुंब्याच्या पांढऱ्या फुलांना मानाचे स्थान आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या ज्या गावाहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी या देशातील पहिला संशोधक अग्निबाण आकाशात सोडण्यात आला, त्या गावाचे नाव आणि या झुडपाचे मल्याळी नाव एकच आहे. इतक्या भाषांनी ज्याला नाव दिले त्या झाडाला आमच्या शाळांत मात्र एकच नाव आहे: तण. माझ्या परिचयाच्या एका शाळेत एका वर्षी मागील अंगणात तुंबा भरभरून फुलला होता, व त्यावर माश्यांची अशी गर्दी असे की मी दोनदा मुद्दाम पाहण्यास गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अंगण हातासारखे स्वच्छ होते. तपासणी व्हावयाची होती. कोणीही दुष्टपणा केला नव्हता. माळ्यास स्वच्छता करण्यास सांगितले होते, आणि त्याने ती चोख केली होती.

देशाच्या निरनिराळ्या भागांतील वाचकांनी आपापल्या परिसरातील झाडे शोधावीत. काश्मीरच्या उतारांवर आयसोडॉन वंशातील एक झुडूप उन्हाळा ओसरताना फुलते, आणि तेथील मधपाळांचे शरद ऋतूतील पीक बव्हंशी त्याच्यावर अवलंबून असते. उत्तराखंडात भंगजीरा पिकवितात. त्याच्या बियांची चटणी प्रसिद्ध आहे. मणिपुरात लोंबा नावाचे सुवासिक झाड परसात असते व त्याचे फुलोरे खाण्यात वापरतात. सह्याद्रीच्या वाटांवर हिवाळ्यात पांगळीचे जांभळट-पांढरे तुरे दिसतात, त्यांतील पुंकेसरांवर लांब केसांच्या दाढ्या असतात. मंजिरी किंवा तुरा हाती येईल तेव्हा त्यावर कोण बसले आहे हे आधी पाहावे. वास मागाहून घ्यावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. विलायती तुळस या नावाने ओळखले जाणारे एक उग्र वासाचे झुडूप अनेक राज्यांत माळरानावर माजले आहे. ते याच कुलातील, पण मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांचे. त्यावर माश्या येतात हे नाकारण्यात अर्थ नाही, पुष्कळ येतात. त्याच्या फुलाची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. खालच्या ओठात पुंकेसर दाबून धरलेले असतात, आणि माशीचा स्पर्श होताच ते उसळून तिच्यावर पराग उडवितात. परंतु ते दाट रान करून गवत व इतर झुडपे मारते, आणि ज्या माळावर वर्षभर पाळीपाळीने दहा प्रकारची फुले होती तेथे एकाच मोसमात एकच फूल उरते. काही महिने मेजवानी आणि नंतर उपास, हा व्यवहार माश्यांच्या हिताचा नाही. म्हणून माशी येते ते सर्व चांगले, असा सोपा नियम मला मान्य करता येत नाही.

दुसरी एक समजूत अलीकडे बळावत आहे, ती अशी की मधमाश्यांची एक पेटी आणून ठेवली म्हणजे परागण करणाऱ्यांचे रक्षण झाले. पेटीतील माशी हे पाळीव जनावर आहे. या देशात १९६२ साली नगरोटा येथे युरोपीय मधमाशी यशस्वीरीत्या आणण्यात आली, आणि मधाच्या उद्योगाला तिचा मोठा उपयोग झाला. १९९१-९२ च्या सुमारास विषाणूच्या साथीने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या, तेव्हा या परक्या माशीचे महत्त्व आणखी वाढले. त्या उद्योगाविषयी माझी कुरकुर नाही. पण पेटीत हजारो तोंडे असतात. लहानशा बागेत फुले मोजकी असताना पेटी ठेवणे म्हणजे चार पाहुण्यांच्या स्वयंपाकावर वऱ्हाड आणून बसविणे होय. त्यात उपाशी राहतात त्या एकाकी माश्या. आधी फुले वाढवावीत, पेटीचा विचार मागून करावा.

शाळेत माश्या आल्या तर मुलांना चावतील, ही भीती पालक बोलून दाखवितात व ती समजण्यासारखी आहे. आग्या माशीचे पोळे इमारतीवर असेल तर त्याच्यापासून मुलांना दूर ठेवलेच पाहिजे. त्यात तडजोड नाही. परंतु फुलावर चरण्यात गुंतलेली माशी सहसा डंख करीत नाही, कारण तिला तेथे राखण्यासारखे काही नसते. पोयाच्या माशीला उपयोगी डंखच नाही. एकाकी माश्या बिळाचे रक्षण झुंडीने करीत नाहीत, आणि हातात दाबून धरल्याखेरीज बहुधा डंख मारीत नाहीत. ज्या मुलांना मंजिरीवरील माश्या मोजण्याची सवय लागली आहे, ती माशी दिसताच हात झटकीत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एका शाळेच्या बागेने काय होणार, हा प्रश्न मात्र मला गंभीर वाटत नाही. लहान माश्या फार दूर जात नाहीत. पोयाच्या माशीचा वावर काही शे मीटरांच्या आतला. तिच्या दृष्टीने शाळेचे आवार हाच जिल्हा आहे.

करावयाचे ते थोडे आहे. पाने व पूजेसाठी दोन-तीन तुळशी निराळ्या ठेवाव्यात व त्यांच्या मंजिऱ्या खुशाल खुडाव्यात. उरलेल्या फुलू द्याव्यात. मंजिरी खालून वर फुलत जाते. शेंड्याची फुले संपली व तळाच्या बिया तपकिरी झाल्या म्हणजे ती कापावी. त्यामुळे रोपही लौकर वाळत नाही, आणि नवा फुटवा येऊन पुन्हा फुले येतात. ज्यांना नियम हवाच असेल त्यांच्यासाठी हा नियम. सब्ज्याचे बी फालुद्यासाठी बाजारात मिळते. ते उघड्या उन्हाच्या वाफ्यात विरळ पेरावे, आणि एकदाच सर्व न पेरता महिन्याच्या अंतराने दोन-तीनदा पेरावे, म्हणजे फुलांचा खंड पडत नाही. तुंब्याचे बी विकत आणण्याची गरज नाही. वाळलेले गोंडे बांधावरून आणून पाऊस पडण्यापूर्वी कोपऱ्यात झटकावेत. मुसळधार पावसाचे महिने सह्याद्रीकडील माश्यांना अन्नटंचाईचे असतात, म्हणून आडोशाला ठेवलेल्या कुंडीतील फुललेली तुळस त्या दिवसांत अधिक मोलाची.

फुलांइतकीच घरट्याला जागा हवी. बागेचा प्रत्येक कोपरा फरशीने मढवू नये. थोडी उघडी, उन्हाची, न खणलेली जमीन राहू द्यावी. वाळके बांबू व जुने ओंडके भुंग्यासाठी एका बाजूस रचावेत. फुलावर असलेल्या झाडावर कीटकनाशक फवारू नये. कडुनिंबाचा अर्क झाला तरी तो दिवस मावळल्यावरच वापरावा. आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार हे एप्रिलमध्येच ठरवावे, कारण शाळांच्या बागा किडींपेक्षा सुटीने अधिक मरतात.

ग्रंथालयांनी एक वही ठेवावी. कोणत्या तारखेस, कोणत्या झाडावर, किती वेळात, किती व कशा माश्या दिसल्या, एवढेच तीत लिहावे. जातीचे नाव ठाऊक नसेल तर ‘निळे पट्टे’ किंवा ‘बारीक काळी’ असे लिहिले तरी चालेल. हल्ली बहुतेकांच्या खिशात छायाचित्र घेणारा दूरध्वनी असतो, तेव्हा ओळख मागाहून पटविता येते. पाच वर्षांची अशी वही कोणत्याही संशोधकास उपयोगी पडेल, कारण आपल्या लहान गावांतून अशा नोंदी फारच थोड्या झालेल्या आहेत.

ज्या शाळेचा उल्लेख वर केला तेथे पुढल्या पावसाळ्यात मुलांनी तुंब्याच्या कोपऱ्याभोवती विटांची एक ओळ मांडली आणि लाकडी पाटी रोवली. पाटीवर झाडाची चार भाषांतील नावे आहेत. माळी आता खुरपे घेऊन त्या विटांपर्यंत येतो व वळून जातो.